मिलिमीटरभर

चेन सॉचा सिलिंडर हातात आला की मिस्त्री तो आधी ट्यूबलाइटसमोर धरतात आणि एक डोळा मिटून खालच्या तोंडातून आत बघतात. मुठीत मावेल एवढा ॲल्युमिनियमचा तुकडा. बाहेरून पातळ पात्यांची चळत, आतून गुळगुळीत बोअर. मोटरसायकलसारखं याचं हेड वेगळं निघत नाही. वरचं तोंड बंद, तिथे प्लगपुरतं एक भोक. त्यामुळे आत येणारा बहुतेक उजेड भिंतीतल्या पोर्टांमधून, म्हणजे वायू ये-जा करायच्या भोकांमधून येतो. एका अंगाला जळका वायू सोडणारा रुंद एक्झॉस्ट, समोर हवा-इंधनाचा ताजा माल घेणारा इनटेक, दोन्ही बाजूंना तो खालून वर आणणारे ट्रान्सफर. मिस्त्री सिलिंडर सावकाश फिरवत राहतात आणि त्या वेळात कुणाशी बोलत नाहीत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुठे तडा गेला आहे का ते शोधत असावेत. ते पोर्टांच्या कडा वाचत होते. डावा ट्रान्सफर उजव्यापेक्षा केसभर वर आहे का, ओतकामात कुठे गाठ राहिली आहे का, एक्झॉस्टचं छत सरळ आहे की कमानदार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं हे मिस्त्रींचं वर्कशॉप. शेतीच्या ऑइल इंजिनांचे भाग घडवत या वस्तीतल्या पिढ्या मोठ्या झाल्या. दिवसभर कुठला ना कुठला लेथ चालू असतो, आणि लोखंड कापल्याचा तो गरम, तेलकट वास दुपारी गल्लीत साचून राहतो. मिस्त्रींचा हात बसला तो मात्र यामाहा आरएक्स हंड्रेडवर. १९८५ मध्ये ती गाडी भारतात आली. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, अंगानं हलकी. १९९६ ला कारखान्यानं ती बनवणं थांबवलं, पण कोल्हापूरनं ती सोडली नाही. येझदी होत्या, राजदूत होत्या. पण पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरच्या या भोकांचा आकार बदलणं, म्हटलं की पोरं आरएक्सच घेऊन येत. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून ओसरत गेल्या. त्या ओसरल्या तसं मिस्त्रींच्या बाकावर दुसरं काही येऊ लागलं. गगनबावड्याकडून, राधानगरीकडून, आजऱ्याकडून. झाडं कापायची मशीनं.

मला यंत्रांची ओढ आहे, पण त्यातही टू-स्ट्रोकची जरा जास्त, आणि तिचं कारण मला या बाकाशी बसून कळलं. फोर-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह असतात, कॅम असतो, चेन असते. कधी उघडायचं, कधी मिटायचं हे सांगणारा सगळा सरंजाम असतो. टू-स्ट्रोकमध्ये तसं सांगणारं कुणी नाही. पिस्टन वर जाताना आणि खाली येताना भिंतीतली भोकं झाकतो आणि उघडतो, एवढंच. भोक कुठे आहे, किती उंच आहे, त्याची कड कशी आहे, आतला बोगदा कुठे तोंड करतो, यावर त्या इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. जिथे धातू नाही तिथे त्याची अक्कल असते. हे समजल्यापासून मी कुठलाही जुना सिलिंडर आधी आतून बघतो.

ही कल्पना ज्यांच्यामुळे इतकी साधी झाली त्यांची नावं फार थोड्यांना ठाऊक असतील. १८८९ मध्ये इंग्लंडातल्या बाथ शहरी जोसेफ डे यानं क्रॅंककेसमध्येच हवा-इंधन दाबून वर पाठवणारं टू-स्ट्रोक इंजिन मांडलं. त्यात तरीही झडपा होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक नावाच्या कामगारानं इनटेकचं तोंडही पिस्टनच्या खालच्या कडेकडे सोपवलं आणि झडपांची गरज संपली. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रॅंक. हलणारे भाग एवढेच. डेचा कारखाना पुढे बुडाला. पण शेतातल्या कित्येक फवारणी पंपांच्या आणि मिस्त्रींच्या बाकावरच्या या मशीनच्या पोटात कॉकची ती एक कड अजून काम करते आहे. कारखान्यातल्या माणसाच्या हाताला एखादी गोष्ट सुचावी आणि ती शंभर वर्षं टिकावी, हे मला कुठल्याही मोठ्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

आता या भोकांना वेळ किती मिळतो ते बघा. लाकडात रुतलेलं चेन सॉ मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांनी चालतं, म्हणजे सेकंदाला १५०. एका फेरीला सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पावणेसातही येत नाहीत. साध्या कामाच्या मशीनचा एक्झॉस्ट फेरीच्या ३६० अंशांपैकी १६० अंशांच्या आसपास उघडा असतो, ट्रान्सफर १२० च्या आसपास. हजारातले तीन भाग एक्झॉस्टला, सव्वादोन ट्रान्सफरला. आणि एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचे मधले जे वीसेक अंश, ज्यात जळका वायू आपल्याच दाबानं बाहेर पडायचा असतो, त्यांच्या वाट्याला हजारातला अर्धा भागही येत नाही. तेवढ्यात दाब उतरला नाही, तर ट्रान्सफर उघडताच जळका वायू उलटा खाली घुसतो आणि येणारा ताजा माल नासवतो. मिस्त्रींचं सगळं काम या मधल्या अवकाशात चालतं. त्यांनी हे गणित शाळेत केलेलं नाही. क्रॅंकच्या टोकाला अंशांची चकती बसवून, तारेचा काटा लावून, प्लगच्या भोकातून पिस्टनचं टोक शोधून ते सगळ्या पोर्टांचे अंश वहीत उतरवतात. वहीवर तेलाचे डाग, मध्ये कुठे रक्कम लिहिलेली, कुठे कुणाचा फोन नंबर. आकडे मात्र स्वच्छ अक्षरात.

ताजा माल आत कसा शिरतो हे मला त्यांनी शेतातल्या उदाहरणानं समजावलं. उसाला पाणी पाजताना दारं धरणारा माणूस पाट असा फोडतो की पाणी आधी सरीच्या लांबच्या टोकाला जावं आणि मग भरत भरत अलीकडे यावं. जवळच फोडलं तर पाणी जवळच मुरतं आणि पुढचा ऊस कोरडा. ट्रान्सफरचं तसंच. त्यांची तोंडं एक्झॉस्टकडे पाठ करून मागच्या भिंतीकडे रोखलेली हवीत. दोन्ही बाजूंचे झोत मागे भेटतात, भिंतीनं वर चढतात, डोक्याशी वळतात आणि खाली येताना जळका वायू पुढे ढकलत नेतात. ही वळणदार वाट जर्मन अभियंता आडोल्फ श्न्युर्ले यानं १९२० च्या दशकात शोधली, आणि सॅक्सनीतल्या चोपाउ गावच्या डीकेडब्ल्यू कारखान्यानं ती मोटरसायकलींत आणली. मिस्त्रींना श्न्युर्ले माहीत नव्हता. मी नाव सांगितल्यावर त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, "त्यो बी मिस्त्रीच का?" मी म्हटलं, तसाच म्हणा.

चोपाउचं नाव निघालं की वाल्टर काडेन आठवतो. युद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं, डीकेडब्ल्यूचा जुना कारखाना पुढे एमझेड झाला आणि १९५० च्या दशकात काडेन तिथल्या रेसिंगचं काम बघू लागला. पैसा कमी, चांगला धातू दुर्मीळ, बाहेर जायला परवानगीची वानवा. त्याच्याजवळ होती ती निरीक्षणाची चिकाटी. एक्झॉस्टमधून सुटणारी दाबाची लाट नळीच्या आकारावरून परत फिरते हे त्यानं ऑसिलोस्कोपवर पाहिलं, आणि पोटात फुगलेली, शेवटी निमुळती होणारी अशी नळी घडवली की परतणारी लाट बाहेर निसटू पाहणारा ताजा माल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलून देईल. ट्रान्सफरच्या जोडीला मागच्या भिंतीत तिसरा पोर्ट दिला. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं. लिटरला दोनशे, आणि तेही बाहेरून हवा न कोंबता. तिथवर आधी कुणी पोचलं नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर पूर्व जर्मनी सोडून पळाला आणि ते सगळं ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तो सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. काडेन चोपाउतच राहिला. मी त्याचा विचार करतो तेव्हा मला राग येत नाही, कणव येते, आणि तीही दोघांची. डेगनरला मोकळं आयुष्य हवं होतं, हे समजतं. पण आकार, एकदा कुणी डोळसपणे बघितला की तो कुंपण ओलांडतोच. जपानी टू-स्ट्रोकच्या पुढच्या पिढ्यांवर काडेनच्या विचाराची सावली आहे, आणि त्याच वंशातली एक हलकी, तिखट गाडी १९८५ मध्ये उद्यमनगरच्या गल्लीत आली. मिस्त्रींच्या वहीतल्या अंशांचं कूळ असं लांबवर जातं.

चेन सॉला मात्र काडेनची नळी लावता येत नाही. ते हातात धरायचं यंत्र. १९२९ मध्ये आंद्रेआस श्टील यानं आपलं पेट्रोलवरचं पहिलं मशीन काढलं ते उचलायला दोन माणसं लागत. १९५९ मध्ये त्याची गिअर नसलेली काँट्रा आली तोवर झाड पाडणं एका माणसाच्या हातात आलं होतं. आज साठ-सत्तर सीसीचं मशीन पान-साखळी सोडून सहा किलोंच्या आसपास भरतं. त्याच्या कुशीला मीटरभर फुगीर नळी कुठे बसवणार? तिथे असतो सायलेन्सरचा चपटा डबा, कामगाराच्या हातापासून वीतभर अंतरावर. परतणाऱ्या लाटेची मदत इथे नाही. म्हणून आरएक्सवर शिकलेलं सगळं चेन सॉवर चालत नाही, आणि हे ज्याला कळलं नाही त्यानं वाया घालवलेले सिलिंडर मिस्त्रींच्या खालच्या खणात पडून आहेत. एक्झॉस्टचं छत भसाभस वर उचललेलं. हातात फिरवून बघितलं की जीव हळहळतो.

छत वर उचललं की काय होतं? अशा मशीनचा स्ट्रोक साधारण ३४ मिलिमीटर. तिथे एक मिलिमीटर वर म्हणजे एक्झॉस्ट साडेतीन अंश आधी उघडतो आणि तितकाच उशिरा मिटतो. एकूण सात अंश जास्त. वरच्या फेऱ्यांत मशीन किंचाळत धावतं, ऐकणाऱ्याला वाटतं केवढी ताकद! पण ताकद देणारा स्फोट साडेतीन अंशांनी लवकर मोकळा सोडला आहे, आणि दाबाची सुरुवातही उशिरा होते आहे. फेऱ्या खाली उतरल्या की ओढ नाही. हवेत भरारी, लाकडात धाप.

म्हणूनच मला एका पावसाळ्याआधीचा एक प्रसंग सांगावासा वाटतो. गगनबावड्याकडचा एक तरुण मशीन घेऊन आला होता. दंडावर जुनी जखम, बोटांत डिंकाचा काळा थर. "मामा, पोर्टिंग करून पिकप काढून द्या," म्हणाला. मिस्त्रींनी मशीन हातात घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "कापायचं काय हाय?"

"पडंल ते. आंबा, ऐन, जांभूळ. पावसात घाटात रस्त्यावर झाड आडवं आलं की बोलावत्यात."

"पान केवढं लावतोस?"

"वीस इंची."

"खोडात पूर्ण बुडवून दाबतोस का हलक्या हातानं?"

तो जरा थांबला. "दाबायलाच लागतंय. गाड्या खोळंबलेल्या असत्यात, मागं कुणी पेशंट बी असतंय."

मग मिस्त्रींनी बाकावर जागा केली.

त्यांनी काय केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. छताला हात लावला नाही. एक्झॉस्ट दोन्ही कुशींनी थोडा रुंद केला, तोही बोअरच्या रुंदीच्या दोन-तृतीयांशाच्या आत, कारण त्यापलीकडे गेलं की पिस्टनची रिंग पोर्टात फुगते आणि कधीतरी कडेला अडकून तुटते. बोगद्याची ओबडधोबड भिंत सारखी केली. इनटेकची तळकड मोजून तशीच ठेवली. ट्रान्सफरच्या तोंडाशी ओतकामाची एक बारीक पाळी झोताच्या आड येत होती, ती काढली. खालचं गॅस्केट काढून सिलिंडर खाली बसवला, म्हणजे पिस्टन डोक्याच्या जवळ येऊन दाब वाढला. जवळ किती, तर शिशाची तार पिस्टनवर ठेवून, दाबून, मोजून. अर्धा मिलिमीटर राहिला तेव्हा समाधानानं मान हलवली. सिलिंडर खाली आला की सगळे पोर्टही तेवढेच खाली येतात, तो हिशोब त्यांनी आधीच वहीत मांडला होता.

बोअरवर निकेलचा किंवा क्रोमचा कडक थर असतो, कागदाहून पातळ. ग्राइंडरचा दात पोर्टातून बोअरकडे फिरला तर तो थर उचकटतो आणि सिलिंडर संपला. म्हणून दात नेहमी बोअरकडून आत फिरायचा. वरून वाट नाही, खालच्या तोंडातून वाकडा हात घालून, बहुतेक न बघता. इथे डोळ्यांचं काम संपतं. मिस्त्री दर थोड्या वेळानं मशीन थांबवून करंगळी आत घालतात आणि कडेवरून फिरवतात. शेवटी प्रत्येक पोर्टाची कड बारीक कागदानं मोडायची, रिंगेला धार लागू नये म्हणून. या शेवटच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला. बाहेर चहा येऊन निवला.

काढलेला धातू बाकावरच्या कागदावर पडला होता. चिमूटभर भुकटी. ती परत लावता येत नाही, हेच या कामाचं दडपण आहे. लिहिताना खोडता येतं, सुताराला ठिगळ देता येतं. इथे मिलिमीटरभर जास्त गेलं की गेलं. मला वाटतं, मिस्त्रींच्या न बोलण्याचं कारण हे आहे. काढायचं काय यापेक्षा ठेवायचं काय याचा विचार माणसाला अधिक गप्प करतो.

मग सायलेन्सरचं तोंड थोडं वाढवलं, ठिणग्या अडवणारी जाळी परत बसवली. त्या तरुणाला ती काढून टाकायची होती. "आवाज म्हंजे ताकद न्हवं. कान जातील, आन् रानात वणवा लागंल," मिस्त्री म्हणाले. वाट मोकळी झाल्यावर इंजिन हवा जास्त ओढतं, म्हणून कार्बोरेटरचा वरच्या फेऱ्यांचा स्क्रू थोडा सैल केला. पेट्रोल-तेलाचं मिश्रण कमी पडलं तर पिस्टन तापून बोअरला चिकटतो. हे ट्यूनिंग कानानं होतं. मोकळ्या हवेत पूर्ण रेस दिल्यावर आवाज जरा तुटक, भरडा यायला हवा, जणू दर वेळी नीट जळत नाही असा. आणि पान लाकडात शिरताच तो आवाज साफ होऊन एकसंध व्हायला हवा. मागच्या अंगणात बाभळीचा ओंडका पडलेला असतो, त्यावर पारख. तरुणानं पान टेकवलं, दाबलं. आवाज खाली गेला, पण बसला नाही. भुस्सा जाड, लांब पडू लागला. जळक्या टू-टी तेलाचा वास आला आणि मला सगळे जुने रस्ते आठवले, पहाटेच्या एसटी स्टँडबाहेरच्या लुना, सणाला धुऊन लावलेल्या येझदी.

हे लिहिताना मनात एक अस्वस्थता आहे आणि ती लपवू नये. झाड कापायचं यंत्र अधिक जोरकस करणं, हे कौतुकानं सांगावं का? राधानगरीच्या रानात मी खूप हिंडलो आहे. एखाद्या ऐनाखाली उभं राहून वर बघितलं की करवतीचा विचारही अंगावर येतो. झाडतोडीला नियम घालणारा महाराष्ट्राचा कायदा १९६४ चा आहे, आणि तो कितीदा वाकवला जातो हे डोंगरात राहणाऱ्याला सांगायला नको. पण घाटात मध्यरात्री आडव्या झालेल्या जांभळाशी भर पावसात झुंजणारा माणूसही तितकाच खरा. दोघांनी ओढायच्या करवतीनं तेच खोड कापणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांच्या पाठी मी विसरलेलो नाही. मिस्त्रींचं याबद्दल स्वतःचं ठरलेलं आहे. कोण कुठलं लाकूड तोडतो याची त्यांना गल्लीत बसून बरोबर खबर असते, आणि चोरटी तोड करणाऱ्यांची मशीनं ते घेत नाहीत. त्यावर त्यांनी कधी भाषण केलेलं नाही. "काम लई हाय," एवढंच सांगून परत पाठवतात.

आता नवी मशीनं वेगळी येतात. ट्रान्सफरच्या तोंडाशी आधी नुसत्या हवेचा थर भरायचा, म्हणजे एक्झॉस्टमधून निसटेल ती हवा, पेट्रोल नाही. धूर कमी, इंधन कमी. पिस्टनला त्यासाठी कुशीत खाचा असतात, पोर्टांची संख्या वाढते, आणि एक कड हलवली की दुसरं गणित बिघडतं. मिस्त्रींनी असा पहिला सिलिंडर उजेडात धरला तेव्हा फार वेळ धरून ठेवला होता. मग म्हणाले, "ज्यानं केलंय त्यानं विचार करून केलंय." त्या दिवशी त्यांनी ग्राइंडर काढलाच नाही. साफ करून, कार्बन खरवडून, नवी रिंग टाकून दिलं. ज्या हाताला पोर्टिंग येतं त्यानं पोर्टिंग न करणं, हे मी त्यांच्या सगळ्या कामांत वरचढ मानतो.

तुमच्याकडे असं एखादं मशीन असेल, चेन सॉ म्हणा की जुनी आरएक्स, आणि कुणी पोर्टिंग करून देतो म्हणाला, तर तो आधी काय विचारतो तेवढं ऐका. काय कापायचं, कुठे चालवायचं, किती वेळ, हे विचारून त्यानं अंशांची चकती लावली तर निर्धास्त बसा आणि त्याला हवा तेवढा वेळ द्या. न विचारता, न मोजता ज्यानं ग्राइंडर हातात घेतला, त्याच्याकडून सिलिंडर परत घ्या.